धावून नाही, उभी राहून कमावते: जुनी अँबेसेडर घेतलेल्यांसाठी



जुन्या अँबेसेडरवरचा व्हिडिओ आल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. “सर, गावाकडून एक अँबेसेडर स्वस्तात मिळतेय, लग्नाला आणि शूटिंगला भाड्याने दिली तर धंदा होईल का?” काहींनी तर आधी गाडी घेतली आणि मग प्रश्न विचारला. आजचा लेख मुख्यतः या दुसऱ्या गटासाठी आहे. गाडी दारात आली आहे, सोसायटीतली मुलं तिच्यासोबत सेल्फी काढतायत, घरात आई म्हणतेय “हे काय आणलंस?”, आणि तुमचे दोन-अडीच लाख त्या पत्र्यात अडकलेत. आता पुढे काय?

पहिली गोष्ट. पेंटरला फोन करू नका. रंग शेवटी. का, ते पुढे येईलच.

आधी ही गाडी नेमकी काय आहे ते समजून घ्या, कारण त्यावर तुमचा खर्च ठरणार आहे. आपण तिला अस्सल देशी समजतो, पण तिचा जन्म इंग्लंडमधला. ऑक्सफर्डजवळच्या काउली कारखान्यातली ‘मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री’ ही तिची आई. बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सने तोच साचा बंगालमधल्या उत्तरपाडा इथे आणला आणि १९५८ च्या सुमारास अँबेसेडर बाजारात आली. तिकडे मूळ मॉडेल दोन-तीन वर्षांत बदललं. इकडे आपण त्याच अंगाची गाडी मे २०१४ पर्यंत बनवत राहिलो. (मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी मात्र ब्रिटिश नव्हे, ती इटलीच्या फियाटची. गॅरेजवाला “दोन्ही सारख्याच” म्हणाला तर मान डोलवा आणि दुसरा गॅरेजवाला शोधा.)

या जन्माचा तुम्हाला काय उपयोग? पुष्कळ आहे. जुन्या पेट्रोल अँबेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरिज’ घराण्यातलं. त्याच घराण्याचं इंजिन एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. जगभर लोक त्या गाड्या अजून जपतात, त्यामुळे त्या इंजिनाबद्दलची माहिती, दुरुस्तीची पुस्तकं, मापं सगळं उपलब्ध आहे. आणि आपल्याकडे इतकी वर्षं टॅक्सी आणि सरकारी गाडी म्हणून चालल्यामुळे सुटे भागही मिळतात. सत्तर वर्षांपूर्वीच्या आराखड्याची गाडी तुम्ही आज दुरुस्त करू शकता, ही साधी गोष्ट नाही. १९९० नंतरच्या ‘१८००’ मॉडेलात इसुझूचं जपानी इंजिन आलं. चालवायला ते उत्तम, पण ते वेगळं प्रकरण आहे. तुमच्या बॉनेटखाली कोणतं आहे ते आधी बघा.

कागद: इथेच धंद्याचा रस्ता ठरतो

आरसी बुक हातात घ्या. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचा, कापडाने पुसून, टॉर्च लावून. अँबेसेडरमध्ये इंजिन बदलणं हा एकेकाळी सर्रास प्रकार होता. पेट्रोल काढून डिझेल टाकलं, डिझेल काढून दुसरंच काही टाकलं, आणि आरसीवर जुनंच राहिलं. विकणारा म्हणतो “चालतं हो.” रस्त्यावर कदाचित चालेलही. पण ज्या दिवशी अपघात होईल आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येईल, त्या दिवशी चालणार नाही.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवावं लागतं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या नियमबदलानंतर वीस वर्षांवरच्या मोटारगाडीला या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली आहे. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, उशीर झाला असेल तर त्याचा दंड, आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. जुनं पुस्तकी आरसी असेल तर ती गाडी ‘वाहन’ पोर्टलवर दिसते का तेही तपासा. दिसत नसेल तर मूळ आरटीओकडून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, आणि ते मूळ आरटीओ पुरुलियाला असेल तर हे काम तुमच्या अंदाजापेक्षा जास्त महिने खाईल.

आता महत्त्वाचा भाग. बऱ्याच जणांनी लिहिलंय, “सर, व्हिंटेज रजिस्ट्रेशन करून घेतो, मग भाव वाढेल.” थांबा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. नव्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. इथपर्यंत छान. पण त्याच नियमात स्पष्ट लिहिलंय की ही गाडी रोजच्या वापराला किंवा व्यावसायिक कामाला रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, त्यासाठीचं येणं-जाणं, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस्स. म्हणजे भाव वाढवायला म्हणून तुम्ही जी पाटी लावाल, तीच तुमच्या भाड्याच्या धंद्याचं दार बंद करेल. संग्राहक असाल तर जरूर करा. धंदा करणार असाल तर आधी विचार करा. आणि १९८५ ची मार्क फोर असेल तर प्रश्नच नाही, तिला अजून पन्नास झालेली नाहीत.

मग साध्या पांढऱ्या पाटीवर भाड्याने फिरवायची का? खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं बसवायला परमिट लागतं, आणि टुरिस्ट परमिटला गाडीच्या वयाची अट आहे. तीस-चाळीस वर्षांची गाडी त्यात बसत नाही. तुमच्या खासगी विम्याच्या कागदावरही ‘भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर’ सोडून, असं लिहिलेलं असतं. वाचलंय का? नसेल तर आज वाचा. नवरदेवाला अकरा हजार घेऊन हॉलपर्यंत नेलं आणि वाटेत एखादा बाइकवाला खाली आला, तर तिथून पुढची भरपाई तुमच्या खिशातून जाऊ शकते. आयुष्यभराची. हे मी घाबरवायला सांगत नाही. हा धोका लग्नाच्या एका सीझनच्या कमाईपेक्षा मोठा आहे, एवढंच.

म्हणून माझं स्पष्ट मत: या गाडीला धावायला लावून पैसे मिळवू नका. उभी करून मिळवा. आपल्या भागात तर याला जागाच जागा आहे. काशीमिरा, घोडबंदर, खाडीपलीकडे नायगाव, सगळीकडे मालिकांचे सेट आहेत. ऐंशीच्या दशकातला सरकारी अधिकारी दाखवायचा तर पोर्चमध्ये पांढरी अँबेसेडर लागतेच. लग्नाच्या हॉलच्या दारात फोटोसाठी फुलं लावून उभी केलेली गाडी, प्री-वेडिंग शूट, जुन्या धाटणीच्या कॅफेचं उद्घाटन, कॉलेजचा रेट्रो डे. गाडी फ्लॅटबेडवर चढवून नेली, उतरवली, उभी केली, परत आणली. प्रवासी नाहीत, त्यामुळे जोखीम कितीतरी कमी. तरीही विमा कंपनीला ‘प्रदर्शन आणि चित्रीकरणासाठी देणार आहे’ असं ईमेलने कळवा आणि लेखी उत्तर घ्या. एजंटचं “होऊन जाईल साहेब” हे उत्तर नव्हे.

हिशेब, पेन घेऊन बसा

खालचे आकडे समजायला घेतलेत. तुमचे तुम्ही भरा.

समजा गाडी २,००,००० ला पडली. दुरुस्ती १,५०,०००. कागदपत्रं ३०,०००. म्हणजे गुंतले ३,८०,०००. दरवर्षी पार्किंग २४,०००, विमा ८,०००, देखभाल ४०,०००. म्हणजे गाडीने काही केलं नाही तरी ७२,००० गेले.

एका दिवसाचे तुम्ही ८,००० घेता. त्यात फ्लॅटबेडचे ३,५०० आणि मदतनिसाचे १,००० जातात. हातात उरले ३,५००. वर्षात ३० दिवस काम मिळालं तर १,०५,०००. त्यातून ७२,००० वजा करा. उरले ३३,०००. या गतीने गुंतवणूक वसूल व्हायला साडेअकरा वर्षं लागतील. तोवर गाडीची साठी उलटेल.

आता एकच बदल करा. ८,००० गाडीचे आणि फ्लॅटबेड ग्राहकाच्या खर्चाने, वेगळ्या ओळीत. तीस दिवसांचे तेच १,०५,००० तुमच्याकडे राहतात. वर्षाला उरतात १,३८,०००. पावणेतीन वर्षांत पैसे मोकळे. गाडी तीच, दिवस तेवढेच, दर तोच. कोटेशनमधली फक्त एक ओळ वेगळी. पाचशे रुपयांनी दर वाढवायला आपण घाबरतो, आणि ट्रान्सपोर्ट मात्र ‘त्यातच आलं’ म्हणून बिनदिक्कत सोडून देतो.

पर्सनल लोन काढून गाडी घेतली असेल तर ईएमआय यात मिळवा आणि मग किती उरतात ते बघा. गाडीला पावसाळ्यात काम नसतं, ईएमआयला पावसाळा कळत नाही. मी तर म्हणेन, जितक्याला गाडी घेतली जवळजवळ तितकेच पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला असतील तरच या वाटेला जा.

आता गाडीखाली शिरा

आपल्याकडचा खरा शत्रू खारी हवा आहे. एका बाजूला वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं. इथे नवीन गाडीची नटबोल्टं दोन पावसाळ्यांत लाल होतात, ही तर जुनी. आणि अँबेसेडरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. बॉडी हीच तिची हाडं. दरवाज्याखालचा आडवा पत्रा सडला तर ते सौंदर्याचं नुकसान नाही, गाडीचा कणाच कमजोर झाला. फ्लोअर, दरवाज्यांचा खालचा भाग, डिकीचा तळ, मडगार्डच्या आतली मातीची थप्पी, जॅक लावायची जागा, एवढं आधी बघा. दहा रुपयांचं चुंबक घ्या, त्यावर पातळ कापड गुंडाळा आणि पत्र्यावरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. खालून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर बरं, भदभद आवाज आला तर खर्च आला.

म्हणूनच रंग शेवटी म्हटलं. सडलेल्या पत्र्यावर पुट्टी आणि पुट्टीवर चकचकीत पांढरा रंग दिला की दोन महिने सगळे कौतुक करतात. गणपतीनंतर फुगे येतात. मग तोच रंग खरवडून वेल्डिंग करायचं आणि पुन्हा रंग द्यायचा. एका कामाचे दोनदा पैसे. आधी पत्रा कापून नवा बसवा, आतून गंजरोधक मेण किंवा अंडरकोटिंग मारा, दरवाज्याच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी करा. ती भोकं बुजवलेली असतात, नव्वद टक्के दरवाजे तिथूनच सडतात असं माझं निरीक्षण आहे.

चालण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं, म्हणून इंजिनाच्या आधी ब्रेक. जुन्या मॉडेलांत चारही चाकांना ड्रम आणि एकच ब्रेक लाइन असते. आजच्या गाडीत एक लाइन फुटली तर दुसरी निम्मी गाडी तरी थांबवते. इथे एका चाकाशी गळती झाली की पेडल थेट जमिनीला. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होज, सगळ्यांची रबरं एकदम बदला. “एकच गळतंय, तेवढंच बदलू” हे ऐकू नका, बाकीची रबरंही त्याच वयाची आहेत. आणि आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो खरं, पण ते तेल नाही. डबीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं हवं. चुकून साधं तेल ओतलं तर सगळी रबरं फुगून निकामी. हे द्रव हवेतलं पाणी शोषतं, आपल्या दमट हवेत जास्तच, त्यामुळे गाडी चालो न चालो, दोन वर्षांत एकदा पूर्ण बदला.

फ्लॅटबेडवरून उतरताना ब्रेक लागला नाही आणि गाडी सेटच्या लाइटस्टँडवर गेली, तर धंदा त्याच दिवशी संपला. उभ्या गाडीलाही ब्रेक लागतो मंडळी.

पेट्रोलचं थोडं सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न नवा आहे. आता पंपावर मिळतं ते वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. या गाड्या बनल्या तेव्हा असं काही नव्हतं. जुने रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वॉशरं इथेनॉलने मऊ होतात, भेगाळतात. गरम इंजिनाजवळ पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. इथेनॉल चालणारा पाइप मीटरवर मिळतो, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळा बदलायला फार खर्च नाही. दुसरं, इथेनॉल ओलावा ओढतं. अर्धी रिकामी टाकी ठेवून गाडी जूनपासून सप्टेंबरपर्यंत उभी केली तर टाकीच्या तळाशी पाणी जमून आतून गंज चढतो. महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून घ्या, नाहीतर पंधरवड्यातून एकदा वीस मिनिटं तरी चालवा. नुसती जागच्या जागी सुरू करून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, बरं होण्याऐवजी वाईट होतं.

आणि शिसं. २००० सालापासून देशभर शिशाविरहित पेट्रोल आलं. जुन्या इंजिनात व्हॉल्व्हची बैठक त्या शिशामुळे टिकायची. कधी इंजिनाचं हेड उघडलंच तर कडक धातूच्या नव्या सीट बसवून घ्या. त्यासाठी मुद्दाम चालू इंजिन उघडू नका. महिन्याला पन्नास किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ती घाई नाही.

एसयू कार्बोरेटर असेल तर त्याच्या डोक्यावरची टोपी फिरवून आत थोडं पातळ इंजिन ऑइल आहे का बघा. ते संपलं की गाडी ॲक्सिलरेटर दिला की अडखळते, आणि मग मेकॅनिक प्लग, पॉइंट, कॉइल सगळं बदलत बसतो. दोन रुपयांच्या तेलाचं काम. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस निपल असतात, त्यांत पंपाने ग्रीस भरणं हे आजच्या पोरांना माहीतच नाही, कारण आजच्या गाड्यांना ते नसतात. तुम्ही शिकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

वायरिंगला फार वेळ देत नाही. जुन्या गाडीत फ्यूज मोजकेच, कापडी वेष्टनाची वायर कुजलेली, आणि मागच्या तीन मालकांनी लावलेले टेप आणि दिवे. सगळा हार्नेस एकदाच नवा करा. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा, गाडी उभी केली की बंद. डब्यात अग्निशामक ठेवा. जुन्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर लावलात तर हरकत नाही, पण डायनॅमो फेकू नका, ग्रीस लावून पोत्यात बांधून ठेवा. गाडी विकताना मूळ भागांना किंमत येते.

पाना, मिस्त्री आणि सुटे भाग

मूळ ब्रिटिश इंजिनाच्या अँबेसेडरचे बहुतेक नट इंचाच्या मापाचे आहेत. आजच्या गॅरेजात पाने मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. मिस्त्री १३ चा पाना लावतो, तो बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की कोपरे गोल. मग छिन्नी-हातोडा, मग नवीन नट, तोही चुकीच्या आट्यांचा, आणि मग भोकाचे आटे गेले. इंचाचा पान्यांचा सेट स्वतः विकत घ्या आणि गाडीच्या डिकीत ठेवा. मिस्त्रीला गाडी देताना पानेही द्या. हसतील, हसू द्या.

मिस्त्री कसा ओळखायचा? माझी कसोटी सोपी आहे. गाडी दाखवल्यावर जो आधी खाली वाकून बघतो तो आपला. जो आधी “कलर कौनसा करना है?” विचारतो तो नाही. सरकारी मोटार विभागातून किंवा टॅक्सीच्या गॅरेजातून निवृत्त झालेली मंडळी आपल्या ठाणे पट्ट्यात आहेत. त्यांना मजुरीत घासाघीस करू नका. शक्य असेल तर त्यांच्याशेजारी एक शिकाऊ मुलगा बसवा आणि त्याला रोज द्या. हे कसब त्यांच्याबरोबर गेलं तर तुमची गाडी शोपीस होईल, तीही न हलणारी.

सुट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाऊसचा बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. कोलकात्याचा मल्लिक बाजार मात्र या गाडीचं माहेरच म्हणा, तिथे पिवळ्या टॅक्सी निघाल्या तसे त्यांचे भाग बाजारात आले. एकदा जाऊन ब्रेकची किट, गॅस्केट, दिव्यांच्या काचा, दरवाज्याची हँडल आणू शकलात तर पुढची काही वर्षं निश्चिंत. खरेदी करताना जुना भाग सोबत न्या. ‘मार्क टू’ आणि ‘मार्क फोर’ सांगून दुकानदार तिसरंच देतो.

एक गोष्ट मात्र आपल्या घरात आहे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि त्यांच्याबरोबर बफिंगवाले. स्टीलच्या पट्ट्या, व्हील कॅप तिथे चकाचक होतील. पण बंपर तसाच बफवर लावू नका. त्यावर क्रोमचा पातळ थर असतो, बफने तो निघून जातो आणि आठवड्यात खालचं लोखंड लाल होतं. बंपरला आधी घासाई, मग निकेल, मग क्रोम, असं रीतसर प्लेटिंग लागतं. दर विचारताना ‘निकेलसकट’ असं स्पष्ट विचारा.

अँबेसेडरऐवजी स्टँडर्ड हेराल्ड हाती लागली असेल, म्हणजे १९६१ पासून मद्रासला बनलेली ट्रायम्फ हेराल्डची भारतीय बहीण, तर तुमचं नशीब चांगलं आणि काम अवघड. तिला वेगळी चेसिस असते, तीच आधी तपासा. तिच्या पुढच्या चाकाच्या खालच्या सांध्याला ग्रीस नको, जाड गिअर ऑइल लागतं. ग्रीस भरलं की तो आतून सुकतो आणि एक दिवस चाक कलंडतं. तिचे भाग कुर्ल्यात सहज मिळणार नाहीत, पण सेटवाल्यांना ती दुर्मिळ म्हणून दर चांगला लावता येतो.

गाडी सेटवर देताना

तोंडी काही नको. एका पानाचा करार पुरतो. गाडी कोण चालवणार (तुमचाच माणूस, दुसरं कोणी नाही), किती तास, जादा तासाचा दर काय, ट्रान्सपोर्ट कोणाचं, कॅमेरा लावायला भोक पाडायचं नाही, तात्पुरता रंग किंवा स्टिकर लावला तर काढून द्यायचा, नुकसान झालं तर पैसे किती दिवसांत. निम्मे आगाऊ. नेताना आणि परत आणताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, तारीख-वेळेसकट, समोरच्या माणसाला त्यात उभं करून. कंपनी टीडीएस कापेल, तेव्हा पॅन द्या आणि विवरणपत्र भरा, ते पैसे तुमचेच आहेत. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे “जीएसटी नंबर नाही तर काम नाही” म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा.

पार्किंगचं आधी सोसायटीशी लेखी ठरवा. स्टॅक पार्किंगमध्ये ही गाडी घालू नका, तिची उंची आणि वजन दोन्ही आधी मोजावं लागेल. उघड्यावर ठेवणार असाल तर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका, आत घाम धरतो आणि झाकलेली गाडी उघड्या गाडीपेक्षा लवकर सडते. हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या, नाहीतर वर पत्र्याची शेड आणि चारही बाजू मोकळ्या. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रबरी बीडिंग, काचांच्या कडा आणि डिकीची वॉशर पाण्याचा पाइप मारून तपासा, एक माणूस आत बसवून. जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा, आणि ते काम पहिला पाऊस पडायच्या आत मिस्त्रीकडून करून घ्या.